चावी मागायची कुणी

मी मूळची गारगोटीच्या बाजूची, आमच्या गावच्या बौद्धवाड्यातली. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला. आई गेली तवा धाकटा दिलीप रांगत होता, म्हणजे त्याचं सगळं लहानपण माझ्या कंबरेवर गेलं असं समज पोरी. मी नर्सिंग केलं, नोकरी लागली तसा त्याला आयटीआयला घातला, बुटापासनं सगळं मी बघितलं, आन् त्याचा बी जीव माझ्यावर, आक्का म्हणल्याबिगर घास उतरायचा न्हाय त्याला. भावाचं आधी का सांगतीय, ते पुढं कळंल तुला.

तर मी कागलकडच्या एका उपकेंद्रात सिस्टर हाय. उपकेंद्र म्हणजे काय, दोन खोल्या, मागं संडास, अंगणात नळ, आन् समोर फाटा. एमआयडीसीत जाणाऱ्या बायांची गाडी हितंच थांबती. लसी, पोटुशीची तपासणी, बीपी, साखर, सगळं मीच बघायचं. काय सांगू तुला, सुताच्या एका कारखान्यातल्या बाया सारख्या एकच दुखणं घेऊन यायच्या. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, अंगात ताप. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या मी द्यायची, बरं वाटायचं, परत दारात हजर. त्यात सुमन सगळ्यांच्या पुढं, तोंडानं फटकळ, अख्खी गाडी हसवत आणायची. तिला एकदा म्हणलं, सुमे, पाणी पितीस का न्हाय गं? ती म्हणली, प्यायला काय हुतंय सिस्टर, सोडायचं कुठं ते सांगा की! सगळ्या खिदळल्या. मला काय हसू आलं न्हाय.

कारखान्यात बायकांच्या संडासाचं म्हणून एक दार होतं, पण आत पुठ्ठ्याची खोकी रचलेली. गड्यांचं होतं ते गेटापाशी, तिथं सदानकदा गडी बसलेले. म्हणून ह्या बाया घरातनं निघतानाच पाणी बंद करायच्या. त्या गरमीत, नाकातोंडात सूत उडतंय, आन् तहान लागली की मिश्री लावून बसायचं. आजार जंतूचा, असं आमच्या पुस्तकात. व्हय, जंतूचाच. पण मी म्हणते त्या खोक्यांचा बी हाय. नुसत्या गोळ्या वाटत बसले तर मी सिस्टर कसली?

आन् त्या कारखान्याला बाया पुरवायचं कंत्राट कुणाचं म्हणशील, तर आमच्या दिलीपचं. मला तर बरंच वाटलं की. घरातला माणूस हाय, अर्ज कशाला करायचा, सांगितलं की हुतंय. आमच्यात असंच असतं बघ, आपल्या माणसावर कागद करत न्हाईत. रविवारी जेवायला बोलावला, तांबडा-पांढरा रस्सा केला, म्हणलं, दिल्या, त्या बायास्नी संडास दे. तो म्हणला, आक्का, तू म्हणलीस म्हणजे झालं. आन् केलं बी! खोकी हलली, फरशी बसली, नळ आला. उद्घाटनाला मला बोलावलं, फेटा बांधला, शाल, नारळ, फीत कापायला लावली. दिलीप माइकवर म्हणला, ही माझी आक्का, हिनंच मला वाढवला. मी रडले की तिथं. मग मी बी माइक घेतला आन् म्हणलं, बायांनो, आता भ्यायचं न्हाय, घटाघटा पाणी प्या, माझा शब्द हाय. फेट्यातला माझा फोटो त्यांनी गेटाच्या आत लावला.

उन्हाळा सरत आला तवा सुमनच्या नवऱ्यानं तिला रिक्षातनं आणली. थंडीनं दात वाजत होते, कंबरेला हात लावू देईना. तशीच थोरल्या दवाखान्यात नेली, वाटंत मी तिला कवळ्यात धरून बसले. तिथं कळलं, दुखणं वर मूत्रपिंडापर्यंत चढलंय, एका बाजूचं लई बिघडलंय. मी म्हणलं, सुमे, पाणी पी म्हणलं होतं न्हवं? ती म्हणली, प्यालो की सिस्टर, तुमच्या शब्दावर प्यालो. दाराला कुलूप हाय.

उद्घाटनाचा हार सुकायच्या आत कुलूप लागलं होतं गं. चावी दिलीपच्या सुपरवायझरकडं. बाई मागायला गेली की तो सगळ्या गड्यांसमोर मोठ्यानं म्हणायचा, काय वयनी, परत? आत्ताच जाऊन आलासा की! आता सांग, कुठली बाई मागंल? आत पाणी, वर लाज, दोन्ही धरून बसायच्या. मी सुमनला म्हणलं, मला का न्हाय सांगितलंस? ती म्हणली, तुमच्या भावाचं कुलूप, तुमास्नीच ठाऊक नसंल असं कसं वाटावं आमास्नी?

तशीच दिलीपच्या दारात गेले. तो म्हणला, चावी हाय की आक्का, मागायला तोंड न्हाय व्हय त्यांस्नी? बाया सारख्या उठल्या की मशीन थांबतंय, मालक मला विचारतोय. मी म्हणलं, दिल्या, मला फेटा बांधून फसवलंस व्हय रं? तर हसला, लहानपणी हसायचा तसाच, आन् म्हणला, तुला सत्कार पायजे हुता, झाला की.

तशीच माघारी फिरले.

मग केला कागद, सरकारी कामगार हापिसात, भावाच्या नावासकट. तपासणीला साहेब आले त्या दिवशी कुलूप निघालं, फिनेल मारलं, आन् माझाच फोटो दाखवला त्यांस्नी, बघा साहेब, सिस्टरच आलत्या फीत कापायला. बायास्नी विचारलं तर सगळ्या म्हणल्या, काय तरास न्हाय. त्यांचं काय चुकलं? उद्या गाडीत घेतलं न्हाय तर खायचं काय? साहेब गेले, कुलूप परत लागलं. मला गेटाच्या आत सोडत न्हाईत आता. फोटो मात्र हाय तसा आत.

दिलीप फोन करतो, मी उचलत न्हाय. आक्का म्हणंल ह्याची भीती वाटती, दुसरं काय न्हाय.

आता संध्याकाळी गाडी फाट्यावर आली की मी माठ भरून अंगणात ठेवते, मागलं दार उघडं टाकते. बाया उतरल्या की पळत येत्यात, बोलत बी न्हाईत आधी, पार जाऊन आल्यावर हसत्यात. सुमन बी कामावर जाती परत, न जाऊन काय करंल. लई दिवस ती फाट्यावरच उभी राहायची, तोंड फिरवून. परवा आली. मी तांब्या पुढं केला, म्हणलं, पी बाई, मागलं दार उघडं हाय. तिनं तांब्या घेतला न्हाय. आधी मागं गेली, हातानं दार ढकलून बघितलं, कडी हलवून बघितली, मग आली आन् प्याली.

बरोबर हाय तिचं. असंच करावं तिनं, माझ्याकडं बी आन् सगळीकडं. तू बी पोरी, शिकून मोठी हो, कुणी फीत कापायला बोलावलं तर जरूर जा. फक्त चावी कुणाच्या खिशात हाय ते आधी विचार.