गायनमास्तरची बदली

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या बसथांब्यावर रांगेत डर्व्हलाच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी ब्रीडा चर्चच्या शाळेत शिकवायची.

"पोरीने तुला सांगितलं, तू फादरना सांगितलंस. संपलं तुझं काम," थोरली म्हणाली.

"फादर म्हणतात, गायनमास्तरची दुसऱ्या गावी बदली करतो."

"मग झालं की!"

"काय झालं, ताई? तिथे पोरी नाहीत?"

डर्व्हलाने मोबाइलमधलं डोकं वर काढलं.

"अगं, चर्चची अब्रू जाईल."

"अब्रू चर्चची आणि भोगायचं त्या लेकराने? कळलं की पोलिसांना कळवा, असा कायदा आहे. फादरना सूट कुणी दिली?"

"लोक तोंडावर थुंकतील."

"थुंकू देत."

बस आली. थोरली आधी चढली.

"कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"पोलीस ठाण्यापाशी," थोरली म्हणाली. "आम्ही दोघी."