लुगड्यात आणलेली खाडी

मी मूळचा कल्याणचा. वडील भिक्षुकी करायचे आणि मीही तेच करायचो, पण गावातून आगगाडी जायला लागली तेव्हा वडिलांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, मंत्र म्हणणारे कल्याणात पुष्कळ आहेत, तू साहेबाची भाषा शीक. मग मी शिकलो. पाठांतर घरचंच होतं, त्यामुळे इंग्रजीही मी मंत्रासारखीच शिकलो, आधी पाठ आणि अर्थ मागाहून, काही अर्थ तर अजून आलेले नाहीत. तुम्ही नीट टेकून बसा, लिहून घेणाऱ्याची पाठ धरते. मला मात्र एका जागी बसवत नाही, मी असा फेऱ्या घालतच सांगेन, माझी सून म्हणते मामंजींच्या पायाला चाकं आहेत.

पुढे मी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मास्तर झालो. त्याच शाळेत आता तुम्ही शिकवता, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला वरचे वर्ग दिले, कविता आणि निबंध. काय सांगू तुम्हाला, ज्या फुलांचा वास कधी घेतला नाही त्या फुलांवरच्या कविता मी डोळे मिटून शिकवायचो आणि मुलं डोळे मिटून ऐकायची. निबंधाला विषय दिला, माझे घर. एका मुलानं लिहिलं की बाहेर बर्फ पडतो आहे आणि वडील शेकोटीपाशी चिरूट ओढत बसले आहेत. त्याचे वडील कचेरीत कारकून, वैशाखात पंच्यानं वारा घेत ओसरीवर बसलेले मी रोज बघायचो. मी विचारलं, अरे, तुमच्याकडे बर्फ केव्हा पडला रे. तो म्हणाला, मास्तर, पुस्तकात सगळ्यांच्याच घरी पडतो.

मी हसलो, पण घरी आल्यावर ते मला लागलं. कारण पुस्तक मीच दिलं होतं, पाठ मीच करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, पुस्तकं मिटा, काल तुमच्या घरात काय झालं ते लिहा, जे डोळ्यांनी पाहिलं तेच. एक जण उठून म्हणाला, आमच्याकडे काहीच झालं नाही. म्हटलं, मग काहीच झालं नाही ते कसं झालं नाही ते लिही. मुलं खिदळली, पण लिहीना कोणी. घरातलं बाहेर सांगायचं नाही हे सगळ्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. तेव्हा मी वचन दिलं. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर आहे. मी म्हणालो, तुम्ही लिहाल ते फक्त मी वाचीन, तिसऱ्याच्या कानावर जाणार नाही. वचन दिलं तेव्हा मुलं लिहायला लागली.

त्यात हाशा होता. खाडीपलीकडच्या आगरी गावातला, मिठागरावर राबणाऱ्या घरातला, बाप लहानपणीच गेलेला. मराठी शाळेत पहिला आला म्हणून शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटींनी शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि तो होडीनं येऊन इंग्रजी शिकायला लागला. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, कारण पुढची मुलं म्हणायची, याच्या अंगाला खाडीचा वास येतो. गावाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल.

त्यानं लिहिलं ते इंग्रजीत होतं, मोडकंतोडकं, मी मराठीत सांगतो. माझी आई रोज खाडी लुगड्यात बांधून घरी आणते. मिठागरातल्या खाऱ्या पाण्यात ती दिवसभर गुडघाभर उभी असते. ते पाणी साधं नसतं, उन्हानं आटून आटून घट्ट झालेलं असतं. संध्याकाळी नाक्यावरचा शिपाई सगळ्या बायांचे हात बघतो, टोपल्या उलट्या करून बघतो, पण ओलं लुगडं कोण पिळून बघणार. घरी आल्यावर आई लुगडं मडक्यावर पिळते आणि ते पाणी आटवते. तळाशी मीठ उरतं. त्या मिठाच्या पेजेवर मी वाढलो. दिवसभर हजारो टोपल्या मीठ सरकारला काढून देणारी माझी आई मीठ विकत घेऊ शकत नाही, म्हणून ती समुद्राला थोडं थोडं घरी घेऊन येते.

मी ते कितीदा वाचलं सांगता येत नाही. ठाण्याच्या मासुंदा तळ्याला फेऱ्या घालत मी ते पुटपुटत होतो, ओळखीचे लोक नमस्कार करून निघून जात होते. त्या सगळ्या कवितांचा अर्थ मला त्या दिवशी लागला असं वाटलं. अर्थ लागला तो मुलाच्या कागदातून, पण मला वाटलं तो माझा आहे, माझ्या शिकवण्याचा आहे. तिथूनच सगळं बिघडलं.

बक्षीस समारंभ आला. दरवर्षी एखादा मुलगा इंग्रजी कविता घडाघडा म्हणायचा. हेडमास्तर म्हणाले, यंदा साहेब मंडळी पुष्कळ येणार आहेत, काही नवं आहे का. मी म्हणालो, आहे, मुलाचा स्वतःचा निबंध आहे, मी वाचीन. हाशाला विचारलं नाही. विचारावं असं मनात आलं होतं, पण तो नाही म्हणाला तर काय, म्हणून विचारलं नाही. घरात मीठ करणं सरकारी गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ठाऊक होतं. ठाण्यात राहून ते ठाऊक नसलेला माणूस कोण असणार.

पुढच्या खुर्च्यांवर कलेक्टर कचेरीतले साहेब, मीठ खात्याचे साहेब, गावातले वकील. मी उभा राहिलो, उपरणं सारखं केलं आणि वाचायला लागलो. पहिलं वाक्य झालं तेव्हा शेवटच्या रांगेत हाशा उभा राहिलेला दिसला. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको, अशी. मी पाहिलं. मी पाहिलं आणि वाचत राहिलो, आवाज आणखी चढवून वाचत राहिलो, कारण सभा शांत झाली होती आणि तशी शांतता माझ्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी मीठ खात्याचे साहेब स्वतः होऊन जवळ आले, फार गोड बोलले, म्हणाले, मुलगा हुशार आहे, गाव कुठलं त्याचं. आणि मी नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, खाडीच्या कुठल्या वळणावर ते हात करून दाखवलं.

थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना माझे पाय आणखीच धावतात. शिपाई गावात गेले, घराघरातली मडकी फोडली, तळाशी खार जमलेली खापरं पुरावा म्हणून उचलून आणली. बायांना दंड झाला. हाशाची आई बायजा, तिचं तर निबंधातच होतं, तिला दंड भरता आला नाही, तिला तुरुंगात ठेवलं. मिठागराच्या मालकानं त्या गावच्या बायांना कामावरून काढलं. मी शाळेला जायची वाट बदलली, म्हणजे तुरुंगाची भिंत लागायला नको.

मग एक दिवस गावचा म्हातारा पाटील दोन माणसं घेऊन शाळेच्या ओसरीवर आला. बरोबर हाशा. पाटलाचा आवाज अगदी हळू होता. म्हणाला, मास्तर, आमी अडानी मानसं, आमाना येवराच सांगा. ह्यो पोरगा म्हनतंय, मास्तरनी मना इचारला नाय. तुमी इचारलाव का नाय. ह्याला ठावं व्हता का, का ह्यो सायबासमोर वाचला जानार हाय. गाव काय तं ठरवल, पन तुमच्या शबुदावर ठरवल.

हेडमास्तर दारात उभे होते. विद्यार्थ्याच्या खासगी निबंधावरून गावावर धाड पडली, हे प्रकरण वर गेलं तर नोकरी कोणाची जाईल ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी पाटलाला सांगितलं, त्याला विचारूनच वाचला. त्याला ठाऊक होतं.

हाशानं माझ्याकडे पाहिलं, बस्स. पाटील म्हणाला, बरा झाला मास्तर, तुमी खरा सांगितलाव. आणि ते गेले.

गावानं हाशाला वाळीत टाकलं. बायजा सुटून आली, तर तिला सांगितलं, पोराला घरात घेशील तर तूही बाहेर. हाशा कल्याणला आला, आधी स्टेशनात हमाली, पुढे त्याच्या इंग्रजीमुळे मालधक्क्यावर कारकून झाला. माझी बढती झाली. निबंध शिकवणारा मास्तर म्हणून माझं नाव झालं, दुसऱ्या शाळांतले मास्तर बघायला यायचे. मी पुन्हा कधी मुलांना घरातलं लिहायला सांगितलं नाही. पुन्हा बर्फ, पुन्हा शेकोटी. मुलं पास होत राहिली.

आता तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी आताच का. कारण असं झालं, की माझी नात इथे डोंबिवलीला माझ्यापाशी असते, तिला सांभाळायला एक आगरी बाई येते. पोर फार बडबडी. एक दिवस ती बाई पोरीला म्हणाली, गो, हाशासारकी घरातली भाइर नको बोलू. मी विचारलं, हाशा कोण. ती म्हणाली, काय ठावं, आजा, आमचे गावान बोलतात तसा. पोरांना गप बसवायची म्हण झाली होती त्याची. माणूस कल्याणात जिवंत, आणि गावात त्याच्या नावानं पोरं गप बसवतात. ती म्हण माझी आहे, मास्तर, मी तयार केलेली आहे. माझ्या लेखणीतून दुसरं काहीच टिकलं नाही.

तेव्हा मी होडीत बसलो आणि त्या गावात गेलो. पाटील कधीच वारला होता. बायजा होती. डोळे गेलेले, दारात बसून जाळ्याच्या गाठी चाचपत होती. मी नाव सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल, मी त्या तयारीनंच गेलो होतो. ती म्हणाली, बसा. मी बसलो, बरं का, तिथे बसलो. मग मी सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो. ती म्हणाली, मना ठावं हाय. माझा पोर माझेजवल खोटा बोलला नाय कदी. मी गावाला सांगत व्हते, पन तुमी बामन, मास्तर, तुमचे शबुदापुरं माझा कोन आयकतंय.

 मग तिनं जे विचारलं ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. म्हणाली, मास्तर, पोरानं लिवला तरी काय व्हता. मना तुरुंगान घातली, मडकी फोरली, पन काय लिवला तं मना आजवर कोनी सांगितला नाय.

मला तो शब्द न् शब्द पाठ होता. मी तिला मराठीत सांगितला, आता तुम्हाला सांगितला तसा. ऐकताना तिचे हात गाठीवरच थांबले. पेजेचं आलं तेव्हा ती किंचित हसली. संपल्यावर तिनं हातातली गाठ ओढून पुरी केली. मग म्हणाली, खरा लिवलान. पन एक इसारला. वला लुगरा पोटऱ्यांना घासतंय, कातरी जातंय, त्यावर खारा पानी. त्याची आग नाय लिवली त्यानं. येऊं दे, मी सांगन त्याला.

येऊ दे म्हणाली. पण तिच्या एकटीच्या म्हणण्यानं तो येऊ शकत नाही, गावानं बहिष्कार उठवला पाहिजे, आणि गावानं वाळीत टाकलं ते माझ्या शब्दावर, म्हणून उठवायलाही माझाच शब्द लागेल. यासाठी तुम्हाला लिहायला बसवलं आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीत हवं, कारण हे होळीला सगळं गाव एकत्र जमतं तिथे वाचायचं आहे. नुसतं सांगायला गेलो तर आयत्या वेळी माझी जीभ पुन्हा वळेल, मी तिला ओळखतो.

गावात वाचायला म्हणून तुम्ही आधी जे कागद लिहून दिलेत, ते मागच्या रविवारी मी कल्याणला घेऊन गेलो. मालधक्क्याच्या कचेरीत हाशा बसला होता, केस पांढरे झालेले, नाकावर चष्मा. मला बघून उठला, स्वतःची खुर्ची दिली. मी म्हणालो, हे तुझ्या गावात वाचणार आहे, यावेळी विचारायला आलो आहे. तू नाही म्हणालास तर इथेच फाडून टाकीन. त्यानं कागद घेतले आणि सगळे वाचले, मध्ये गाडी आली तर उठून काम करून आला आणि पुन्हा जिथे थांबला होता तिथून वाचायला लागला. मी तेवढा वेळ धक्क्यावर फेऱ्या घालत होतो. शेवटी त्यानं बोलावलं. माझ्यासमोर, माझा निबंध तपासावा तशी, टाकानं एका ओळीखाली रेघ मारली. पाटलाला दिलेल्या उत्तरापाशी तुम्ही लिहिलं होतं, माझी चूक झाली. मीच तसं सांगितलं असणार. तो म्हणाला, मास्तर, चूक वर्गात होते. इथे खोटं बोललो असं लिहा. मग वाचा.

आई काय म्हणाली, असं विचारलं त्यानं. सांगितलं, पोटऱ्यांच्या आगीचंही सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाला, ते मला ठाऊक होतं, मास्तर. त्या आगीला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून गाळलं होतं.

तेव्हा तो शब्द बदला आणि कागद मला द्या. गाव काय ठरवील मी सांगू शकत नाही, ज्यांना मडकी फुटलेली आठवतात ते थोडे उरले आहेत आणि बाकीच्यांना ती म्हण सवयीची झाली आहे, म्हण सोडायला माणसं तयार होत नाहीत. कदाचित मलाच होडीत बसवून परत पाठवतील. पाठवोत. हाशा म्हणाला आहे, वाळीत असलो तरी वाचताना मी पुढे बसणार, शेवटच्या रांगेत नाही. तो मान हलवेल तिथे मी थांबेन. होळीला भरती दुपारची आहे, होडी तेव्हा सुटते. मी सकाळपासून धक्क्यावर असेन, माझा काही भरवसा नाही, घरी बसवणार नाही मला. तुम्ही मात्र तुमच्या मुलांना घरातलं लिहायला सांगा, जरूर सांगा. आणि ती लिहितील ते आपल्यापाशी ठेवा. देव तुम्हाला तेवढं बळ देवो, मला नव्हतं.