सांडवा नसलेला चर

— नाही हो, चपला कशाला काढता, देऊळ आहे का हे? तुमचा कोर्स करून आलेले सगळेच कुंपणाशी अनवाणी होतात आणि तोच चिखल घेऊन माझ्या शिलाईच्या खोलीत येतात. आणि ती बरणी — माती न्यायची आहे ना तळ्याची? मागच्या तुकडीतली एक बाई ती माती कपाळाला लावत होती. खरंच सांगते. — हो, बहीण मीच, धाकटी. तुमच्या त्या पर्माकल्चर शेतीचे गुरुजी ते, आमचा दादा. रस्त्यांच्या ऑफिसात नकाशे काढायचा, दिवसभर टेबलावर वाकून — आणि मग जमिनीचा सर्व्हे करणाऱ्या बाई भेटल्या त्याला. कोर्समध्ये त्यांचं नाव घेत नाहीत? नसतीलच घेत. अहो, चळवळ चळवळ म्हणता ना, ती त्या दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडली. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कोंबड्या कुठे, कुठल्या झाडाखाली काय लावायचं — बाई बोलायच्या, दादा काढायचा, आई दोघांना वाढायची. बाईंचं एकच पालुपद — आधी वर्षभर जमीन नुसती बघा, मग कुदळ उचला. दादाच्या पुस्तकात सुरुवातीलाच आहे ना हे? बाईंचं आहे ते.

आणि दादानं बघितली का जमीन? कुठली बघतोय. पहिली तुकडी यायची होती, लांबलांबची माणसं, त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं ना — म्हणून घराच्या वरच्या अंगाला, उतारावर, आडवा चर खणायला घेतला. पाणी अडवायचं, जिरवायचं. बाई म्हणाल्या, ‘अरे, खाली घर आहे. निदान सांडवा तरी काढ, जास्तीचं पाणी बाजूनं निघून जाईल.’ दादा म्हणाला, ‘शेवटच्या दिवशी काढू, ते शिकवायचंच आहे.’ शेवटच्या दिवशी काय काढलं? फोटो. गळ्यात गळे घालून. सांडवा राहिला तो राहिलाच. मग पाऊस लागून राहिला, चर काठोकाठ भरला, पाण्याला दुसरी वाटच नव्हती — आलं ते थेट आईच्या खोलीवर, चिखल, दगड, भिंत सगळं घेऊन. आई आत आडवी झाली होती. — निघाली, जिवंत निघाली. पण कंबर गेली, पुन्हा उभी राहिली नाही. बाई धावत आल्या, आईच्या केसांतला चिखल विंचरून विंचरून काढत बसल्या, आणि पाऊस उघडल्यावर एकटीनं सांडवा खणून निघून गेल्या. परत? छे, परत कशाला येतील त्या.

आणि दादा — खोलीच्या जागी खड्डा पडला होता, त्याचंच तळं केलं त्यानं. कमळं सोडली, वर नाव काय, तर आईचं तळं. आणि निघाला व्याख्यानं द्यायला. ‘अडचणीच्या पोटातच उपाय असतो, मित्रांनो’ — की टाळ्या. त्या पोटात आमची आई होती, हे सांगितलं का तुम्हाला? नाही ना. ‘एक पडकी खोली’ म्हणतो तो. पडकी नव्हती हो, मी स्वतः रंगवली होती. आईचं सगळं कोणी काढलं? शौचाचं भांडं द्यायचं, कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावायची — इथेच, मशीनच्या शेजारी खाट होती, शिवता शिवता लक्ष राहावं म्हणून. आता म्हणे फिल्म निघतेय त्याच्यावर. परवा फोन आला, ‘तू काही बोलू नकोस, फक्त एवढंच सांग, आईला तळं आवडायचं.’ काय म्हणावं या माणसाला? किळस आली मला. फोन ठेवला आणि तोंड धुतलं.

— नाही, खोटं सांग असं नव्हता म्हणत. म्हणजे — आवडायचं ना तिला. तेच तर. खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावायची. आल्यागेल्याला सांगायची, लेकानं माझ्या दारात पाणी आणलं बघा. मी भांडं घेऊन उभी असायची तिच्यापुढे, आणि ती मान वाकडी करून म्हणायची, ‘सरक गं जरा, दिसत नाही मला.’

— असं बघू नका माझ्याकडे. मला पडदे पुरे करायचेत. दार ओढून घ्या जाताना.