टिमो एकोणिसावा आला

माझी बायको सुलेखा गेल्यापासून मी एस-बान या जर्मन लोकलमध्ये खिडकीपाशी बसतो. ती तिची जागा होती. २०१७ च्या जूनमध्ये एश्बॉर्न स्टेशनला एक सासूबाई आणि त्यांचे जावई समोर येऊन बसले. मराठी कानावर आलं, म्हणून ऐकत राहिलो.

“गौरांगराव, रविवारी स्टॉक कार रेसला नक्की नेताय ना? टिमो उतरणार आहे.”

“आई, तो यूट्यूबवर केक करतो. मागच्या शर्यतीत एकोणिसावा आला.”

“वीस गाड्यांत. पाहिलं मी.”

“मग त्याच्यामागे एवढे लोक कशाला? पहिल्या आलेल्याचं नावही कुणाला माहीत नाही.”

“पहिला आलेला हात हलवून निघून गेला. टिमोने आपण कुठे चुकलो ते कागदावर काढून दाखवलं. केक बसला तरी तो दाखवतो. अशा मुलाची काळजी वाटते हो.”

“मी गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. माझी कुणी काळजी करत नाही.”

“तुम्ही चुकलेलं कधी सांगता? बरं, रविवारी गाडी तुम्हीच चालवणार ना?”

“आई, काल ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी परत नापास झालो. इथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. पुण्याच्या सवयीने मीच घुसलो.”

“शिवांगीला सांगितलंत?”

“तुमच्या लेकीला पास झालो म्हणालोय. तिने भाड्याची गाडीही ठरवली.”

“लावा फोन.”

“घरी गेल्यावर सांगतो.”

“आत्ता.”

“शिवांगी, आल्झो... म्हणजे... मी नापास झालोय. हो, परत. हॅलो?”

“काय म्हणते?”

“हसतेय. थांबतच नाही.”

“स्पीकरवर टाका. मलाही ऐकू दे.”