उलटा दिवा

…नाही, पण मी म्हणतो, दिवा सरळ करायचाच होता तर सांगून करायचा ना! इतकी वर्षं उलटा चालला, कुणाच्या पोटात दुखलं नाही, आणि एका सकाळी कोण कुठला येऊन सरळ करून जातो न् माझ्या घराची वाट लागते… थांबा, मधूनच सुरू केलं तर तुम्ही म्हणाल म्हातारा भरकटला. पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला सांगतो, आपलं हे एफएम स्टेशन निघालं ते काही गाण्यांच्या प्रेमापायी नाही हां… गाद्यांपायी निघालं. गाद्या! आमच्या शेठचं गाद्यांचं दुकान, मी तिथं गाद्या शिवायला. पेपरातली जाहिरात कुणी वाचेना, तर शेठ म्हणाले, ‘वाचत नाहीत ना? मग कानात ओततो त्यांच्या!’ काढलं लायसन, गोदामाच्या वरच्या खोलीत थाटलं स्टेशन. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काय लावलं? न खपलेल्या गाद्या! मीच टाचल्या. आत गेलं की बोलावंसं नाही, आडवं व्हावंसं वाटायचं. आणि बोलायला कोण? तर दुकानाच्या दारात ‘या या, डबलबेड नुसता बघून जाऽऽ’ म्हणून ओरडणारा आमचा सेल्समन. तो झाला रेडिओवरचा दादा. सगळ्या गावाचा दादा! आपण काय, ऐकणारी माणसं!

आता दिवा. माईक चालू झाला की समोरचा लाल दिवा लागायला हवा की नाही? पण वायरिंग केलं शेठच्या मेहुण्यानं, झालं उलटं. माईक बंद असला की दिवा लागणार, चालू झाला की विझणार. दादा म्हणाला, ‘शेठ, एवढं बदलून घ्या.’ शेठ केवढ्यानं ओरडले, ‘बदलून घ्या? आणि मेहुण्याला काय सांगू? त्याची बहीण माझ्या घरात राहते! तुम्ही लक्षात ठेवा की!’ ठेवलं. नवीन माणूस आला की पहिला पाठ हाच… ‘दिवा विझला की गोड बोल, लाल झाला की मोकळं बोल.’ बटण दाबायचं, दिव्याकडे बघायचं आणि उलटं समजायचं. हाडीमांसी भिनलं हो सगळ्यांच्या!

आता आमची ही. मी मुळात कमी बोलणारा… हसू नका, आजचं साचलेलं आहे. दिवसभर तोंडात दोरा, बोलणार काय? मुलगी लांब दिलेली. मग हिनं एका दुपारी स्टेशनला फोन लावला, गाणं सांगायला, तर तिकडून दादा, काय तो मधाळ आवाज, ‘ताईऽऽ, जेवलात का?’ संपलं! मग रोज फोन. ‘ताई, गुडघा काय म्हणतो? ताई, तुमचा फोन आल्याशिवाय आमची दुपारच होत नाही!’ बाजारात बायका विचारायच्या, ‘रेडिओवरच्या गुडघेवाल्या ताई त्या तुम्हीच ना?’ हिची मान अशी ताठ! फोनच्या आधी वेणीफणी करायची… रेडिओवर कोण बघतंय, सांगा! मी एकदा दोरा काढून म्हटलं, ‘छान दिसतेस.’ तर म्हणते, ‘श्श! जाहिरात संपत आली.’ आपण काय, ऐकणारी माणसं!

मग शेठनं स्टेशन विकलं एका बाहेरच्या कंपनीला. आला गळ्यात पट्टा अडकवलेला इंजिनियर, दिवा बघितला, ‘अरे हे उलटं आहे’ म्हणाला, दोन वायरी बदलल्या आणि गेला. सांगितलं नाही कुणाला. त्याचं तरी काय चुकलं? चुकलेलं बरोबर केलं, हे कुणी सांगत फिरतं का?

झालं! दादा आपल्या सवयीनं दिवा विझवून गोड बोलतोय… ते गोड बोलणं फक्त माझ्या गाद्या ऐकताहेत! हिनं फोन लावला, फोनवर सगळं नेहमीसारखं, ‘ताई, गुडघा काय म्हणतो?’ आणि रेडिओवर चिडीचूप. मला वाटलं सेल उतरले. हिनं फोन ठेवला, आवाज मोठा केला, गाणं लागलं आणि गाण्यावरून दादा, लाल दिवा बघून मोकळा!

‘ठेवला बाबा एकदाचा गुडघेवालीनं! रोज गुडघा, रोज गुडघा… कापून पाठव म्हणावं, भिंतीला टांगतो! हिच्या घरात नवरा आहे का खुंटी? आणि तो पोस्टमन, माहेरी गेलेल्या बायकोसाठी गाणं लाव म्हणतो… अरे, एवढी वर्षं माहेरी राहतं का कुणी? सांगा रे त्याला कुणीतरी!’

सांगितलंच की. सगळ्या गावासमोर!

मी रेडिओच्या बटणाकडे धावलो, तर ही माझा हात धरून म्हणाली, ‘राहू द्या. गाणं संपू दे.’ आणि बसल्या जागी वेणी सोडली.

ठरवलं, आता आपणच बोलायचं. दुसऱ्या दुपारी त्याच वेळेला समोर बसलो. ‘जेवलीस का?’ ‘तुमच्या ताटाला ताट लावून जेवले की!’ ‘बरं… गुडघा काय म्हणतो?’ ‘कुठला?’ आता कुठला! म्हटलं, उजवा. डावा होता.

आणि तिकडे? दादाला हाकलला असेल म्हणता? छे! त्या दुपारी गावात एकानंही रेडिओ बंद केला नव्हता. कंपनीनं कार्यक्रमच सुरू केला, लोकांनी फोन करायचा आणि दादानं शिव्या घालायच्या. लोक रांगेत! हेडमास्तर फोन करतात, ‘दादा, आम्हालाही बोला ना काहीतरी!’ पोस्टमन तर रोज लावतो.

परवा घरी आलो, तर ही आरशासमोर, हातात फणी. म्हटलं, ‘अगं, त्यानं तुझा गुडघा कापायला काढला!’

म्हणते, ‘काढला तर काढला. लक्षात तरी होता त्याच्या.’ आणि मग अगदी मायेनं हो, ‘तुम्ही मनापासून विचारता, नाही असं नाही. पण त्याला विचारता येतं.’

आता लाईन सारखी बिझी. तर म्हणाली, ‘माझी वेणी होईपर्यंत तुम्ही धरा.’ म्हणून रोज दुपारी रिसीव्हर कानाला लावून मी बसतो. काल लागला! तिकडून दादा, ‘बोला!’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी ‘बोला’ म्हणालं हो… मी तोंड उघडलं, आणि मागून ही, ‘द्या इकडे!’

दिला.