लाल फिती

भावेश : कॅमेऱ्यातला रोल उन्हात खेचला, नकाशा फाडला. आता बोला मॅडम. कामणच्या या डोंगरावर तुम्ही झुडपांना लाल, पिवळ्या, निळ्या फिती बांधल्यात. त्यातली वाचवायची कुठल्या रंगाची?

विनिता : नकाशा पुन्हा काढीन मी.

भावेश : काढा ना. सोमवारी वनखात्याचे साहेब बघायला येतील, त्यांना कोळसा दाखवा. वाचवायला काही उरलंच नाही, तर आमचं प्लॉटिंग अडवणार कोण? सोनू, म्हाताऱ्याचा हात दगडावर धर.

विनिता : सोडा त्यांना! ते नुसते वाट दाखवायला येतात.

भावेश : मग दाखवू दे वाट. बोल हरिश्चंद्र.

हरिश्चंद्र : चंदनसारच्या बिल्डिंगीत वाढलास तू. करवंदाची जाळी कुठली नि तोरनाची कुठली, तुला काय कळनार?

भावेश : हाण रे.

हरिश्चंद्र : आई गंऽऽ!

भावेश : एक बोट गेलं. रंग?

हरिश्चंद्र : तुझ्या बापाला इचार.

भावेश : दुसरं.

विनिता : काका, रक्त थांबत नाहीये... सांगून टाका! आग लागो त्या झुडपांना!

हरिश्चंद्र : नाय सांगनार. याच जाळ्यांतली करवंदं इकून पोरी वाढवल्या मी.

भावेश : तिसरं. जोरात हाण.

हरिश्चंद्र : लाल! लाल रे... लाल फिती. नको मारू आता.

विनिता : काका! काय केलंत हे? दोन वर्षं राबलेय मी इथे! भावेश, पाया पडते तुमच्या, लालला हात लावू नका!

भावेश : आता कशी रडायला लागली! सोनू, रॉकेलचा कॅन घे. लाल तेवढं सगळं पेटव. बाकीच्यांवर काडी फुकट घालवू नको.

(दोघे उतारावरून खाली जातात. थोड्या वेळाने धूर वर येतो.)

हरिश्चंद्र : गेले?

विनिता : गेले. सगळी घाणेरीची झुडपं पेटवली त्यांनी.

हरिश्चंद्र : रडलात झकास, बाई.

विनिता : खरंच रडत होते मी. लाल म्हणजे आपल्याला काढून टाकायची घाणेरी, मग पहिल्याच घावाला का नाही बोललात? तीन बोटं ठेचली ना हो!

हरिश्चंद्र : पहिल्याला बोललो असतो, तर पटलं असतं त्याला?

विनिता : आग वाचवायच्या पिवळ्या फितींकडे सरकली तर?

हरिश्चंद्र : मधी उघडा कातळ हाय. नाय जायची.

विनिता : हात द्या इकडे. ओढणी बांधते.

हरिश्चंद्र : हळू, बाई. सोमवारी सायबाला डाव्या हातानं दाखवीन जाळ्या.