ट्राम थांबते, लॉरी नाही

विनिफ्रेड : नाही म्हणजे नाही, शकू. बस तू. चहा घे आणि डोक्यातनं हे खूळ काढून टाक.

शकू : चहा घेते. खूळ राहू दे. उद्या संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. अख्खी मुंबई बंद, आणि तुझ्या नवऱ्याचा शेठ पोलिसांच्या पहाऱ्यात कापसाच्या पाच लॉऱ्या गिरणीत घालणार. करी रोडच्या पुलावरनं त्या डिलाईल रोडला उतरल्या की आमच्या चाळीतल्या बायका रस्त्यात हळदीकुंकू मांडून बसणार. ठरलं ते ठरलं. तुला सांगितल्याशिवाय मला करवलं नाय, म्हणून आले.

विनिफ्रेड : उतारावर? पुलाच्या पायथ्याशी?

शकू : तिथंच. वर आमची चाळ. गॅलऱ्या भरून माणसं बघतील. आणि बायका ताटं घेऊन बसल्या की पोलीसही हात लावायला बिचकतो. आईबहिणी सगळ्यांनाच असतात गो.

विनिफ्रेड : पोलीस बिचकेल. लॉरीला कोण आईबहीण आहे? रूपर्ट! अरे रूपर्ट, बाहेर ये. ऐकलंस का ही काय म्हणते?

रूपर्ट : ऐकलं. ह्या घरात काय ऐकू येत नाय? शकूबाय, उद्या पयली लॉरी माझी हाय.

शकू : तुझी? हरताळाच्या दिवशी तू लॉरी काढणार? अरे, लाज कशी वाटत नाय रे तुला? जानेवारीत ह्याच रस्त्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी पोरं मेली. माझा सख्खा दीर गेला. दौलतच्या तिरडीला खांदा दिलास ना तू?

रूपर्ट : दिला.

शकू : मग?

रूपर्ट : शेठनी बोलावून सांगितलं, रूपर्ट, तू ख्रिश्चन मानूस, तुला ह्या मराठीच्या भानगडीशी काय लेना-देना, तू पुढं राहा. मी बोललो, शेठ, परळात एक गिरणी नव्हती तवा माझ्या आज्याचं भात पिकत होतं इथं. आम्ही घरात मराठीच बोलतो, देवाजवळ पण मराठीतच रडतो. मुंबई महाराष्ट्राची नाय तर कोणाची, तुमच्या तिजोरीची?

शकू : असं बोललास? शाबास रे वाघा! मग काय म्हणाला तो?

रूपर्ट : हसला. बोलला, मग रहा घरी, बाहेरनं ड्रायव्हर मागवलेत. खरंच मागवलेत. दोघं आलेत परगावचे. हा पूल त्यांनी जन्मात बघितला नाय. असा मानूस भरलेली लॉरी घेऊन पयला उतरला तर खाली कोणाच्या पोरी असतील, देवाला ठाऊक. म्हणून मी हो बोललो.

शकू : बरं, मग तर सोपंच झालं. तू पुढं असणार, आम्ही समोर बसणार, तू ब्रेक दाबणार. झालं!

रूपर्ट : नाय थांबणार ती.

शकू : म्हणजे? तू थांबवणार नाय?

रूपर्ट : मी थांबवीन. ती थांबणार नाय.

शकू : हे बघ, मला शिकवू नको. नोव्हेंबरात ट्राम अडवली ना आम्ही? मी स्वतः रुळात मांडी घालून बसले होते. तो घंटा बडवत आला, बडवत आला, आणि थांबला गप. माझ्या सासूनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. बस अडवली, ती थांबली. मग लॉरी काय आभाळातनं पडलीय?

विनिफ्रेड : हेच, हेच मला वाटलं होतं! ट्रामच्या अनुभवावर चालल्यायत सगळ्या.

रूपर्ट : ट्राम रुळावर चालते गो बाय. कुठं जाणार ते तुना ठाऊक, तिला ठाऊक. ड्रायव्हर अगदी तोंडावर उभा, तुझ्या केसातला भांग दिसतो त्याला. माझं तसं हाय का? माझ्यापुढं एवढं लांब बॉनेट. बॉनेटच्या खाली, जवळ, कोण बसलंय ते मना दिसतच नाय. तू मांडी घालून बसलीस तर मी तुना बघून ब्रेक मारायचा, तो लांबनंच. जवळ आल्यावर तू माझ्यासाठी नाहीसच.

शकू : मग लांबनंच मार की! आणि कापूस तर आहे आत. लोखंड भरलंय काय?

रूपर्ट : तू गिरणीवाल्याची बायको ना? गासडी कधी उचलून बघितलीस?

शकू : मी कशाला उचलू? पण आमचे हे सांगतात, चार हमाल लागतात लोळवायला. प्रेसमध्ये दाबून पट्ट्या मारलेल्या असतात.

रूपर्ट : मग? तसल्या वीस-पंचवीस असतात माझ्या पाठीवर. विनी, तो वरवंटा दे. आणि पोळपाट-लाटणं.

विनिफ्रेड : वरवंट्याला मसाला लागलाय.

रूपर्ट : लागू दे.

(रूपर्ट पोळपाट एका बाजूने उचलून तिरका धरतो.)

रूपर्ट : हे लाटणं सोडतो. बोट लाव, थांबव.

शकू : हं. थांबलं. त्यात काय?

रूपर्ट : आता वरवंटा. तेवढ्याच उतारावरनं. लाव बोट.

शकू : आई आई गं! मेल्या, बोट चेंगरलं ना माझं!

रूपर्ट : जोरात होता काय?

शकू : नाय. हळूच आला.

रूपर्ट : हळूच आला. लाटण्याच्याच चालीनं आला. पण वजन बोलतं, शकूबाय. मी ब्रेक दाबला तरी पाठचा माल मना ढकलत राहातो. चाकं थांबतात, लॉरी घसरत खाली जाते. आणि हे पुलाच्या उतारावर. त्यात रस्त्यावर गिरणीचं तेल, घोड्यांची लीद. माझे ब्रेक कितीही चांगले असू दे, तुमच्या पयल्या रांगेत शिरल्याशिवाय मी थांबत नाय.

शकू : बघ गं विनी, बोट लाल झालंय काय? ... बरं. समजा लागली. मोटारीखाली येतात, ती माणसं वाचत नाहीत काय?

विनिफ्रेड : मी सांगते. वॉर्डात मोटारीखालचे आणि लॉरीखालचे, दोन्ही माझ्याच हाताखाली येतात. मोटार खाली असते. ती पायाला लागते, माणूस उडून तिच्या टपावर पडतो. पाय मोडतो, प्लॅस्टर घालतो, महिना-दोन महिन्यांत शिव्या देत घरी जातो. लॉरीचं पुढचं लोखंड छातीशी येतं. बसलेल्याच्या तर डोक्याशी. मोटार माणसाला वर घेते, लॉरी खाली घेते. आणि खाली घेतल्यावर पुढची चाकं जातात, मग मागची जोडचाकं. आमच्याकडे चिंतामणी म्हणून आहे एक. सायकलवर होता. लॉरी वळत होती, अगदी माणसाच्या चालीनं. पुढचं चाक त्याला चुकवून गेलं, म्हणून हा निवांत उभा राहिला. लॉरी वळताना मागचं चाक आत येतं, कापून येतं. कंबरेवरनं गेलं.

शकू : गेला?

विनिफ्रेड : नाही ना गेला! तेच तर सांगतेय. डॉक्टर म्हणतात वाचला. हाड जोडायचं तर जोडायला तुकडा धड पाहिजे. तिथं पीठ झालंय. लघवीला नळी. बायको येते, पायाशी बसते, त्याला कळत नाही की तिनं पायाला हात लावलाय.

शकू : मी मरणाला भीत नाय, विनी.

विनिफ्रेड : माहीत आहे. दौलतला आणलं तेव्हा मी ड्युटीवर होते. त्याच्या छातीवरचं रक्त मी पुसलं. एवढंसं भोक होतं, शकू. चेहरा झोपल्यासारखा. गोळीनं त्याला पटकन नेलं, तू ते बघितलंस, आणि तुझ्या मनात तेच बसलंय, की असं झालं तर असंच होईल. लॉरी तसं नेत नाही. तुझी पोरं तुला भरवतील, पुसतील, वर्षानुवर्षं. आणि पेपरात काय येईल? अपघात. हुतात्मा कोण म्हणणार नाही तुला.

(शकू चहाचा कप बाजूला सारते.)

विनिफ्रेड : रागावलीस?

शकू : रागावू नको तर काय करू! इतक्या बायका तयार केल्या. कोणाचा नवरा मारायला उठला, कोणाची सासू. एकेकीच्या पाया पडले. आता जाऊन सांगू काय, लॉरी जड असते, घरात बसा? मग हरताळ कसला? शेठ म्हणेल, बघा, पुलावरनं माझा कापूस वाजतगाजत गेला. नाय! लॉऱ्या गेल्या नाय पाहिजेत. ते काय बदलणार नाय. रूपर्टदादा, तू मला सांगितलंस ती कुठं थांबत नाय. आता सांग, ती थांबते कुठं?

रूपर्ट : कुठं थांबते?

शकू : कुठंतरी थांबतच असेल ना? का जन्मभर धावतच असते?

रूपर्ट : भारतमाता थेटराकडनं पुलाकडे वळतो ना आम्ही, लालबागच्या बाजूला. तिथं सगळ्यांना पयल्या गिअरात यावं लागतं. वळून झालं की थोडा रस्ता सपाट, मग चढ. त्या सपाटीवर माझी लॉरी एका दमात थांबते. बैलगाडीसारखी.

शकू : चढावर नको? चढावर तर आणखी हळू.

रूपर्ट : चढावर थांबवलीस तर ती मागं सरकते. क्लीनर उतरून ठोकळा लावेपर्यंत मागच्या लॉरीवर जाईल, आणि मध्ये कोणी असेल तर त्याचा चिवडा. सपाटीवर. आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर एकही बाय उभी नको, एक पोर नको. चिंतामणीचं ऐकलंस ना?

शकू : कोपरा मोकळा. वळण संपलं की पुढं, पन्नास पावलांवर. मी उभ्यानंच राहीन, बसणार नाय. मागच्या बसतील. चालेल?

रूपर्ट : उभी रहा. दिसशील. मी थांबलो की मागच्या चारी वळणातच अडकतात, ट्रामच्या रुळांवर. परगावच्याला बाजूनं काढायला जागाच नाय. किल्ली मी खिशात घालतो.

शकू : आणि तुझी नोकरी?

रूपर्ट : ती गेली. काल शेठला तसं बोललो तवाच गेली, फक्त त्याला उद्या कळेल.

विनिफ्रेड : रूपर्ट!

रूपर्ट : काय करू विनी? ही बसणारच. बघितलंस ना तिचं तोंड?

शकू : एकच अडचण हाय. लालबागच्या बायका म्हणतील, डिलाईल रोडवाल्या आमच्या दारात येऊन पराक्रम करतात. जन्मभर टोमणे मारतील. गणपतीत सुद्धा सोडायच्या नायत.

विनिफ्रेड : खा की टोमणे. त्यानं हाड मोडत नाही.

शकू : खाते. आत्ताच जाते त्यांच्याकडं, हातच जोडते. म्हणते, बायांनो, तुमची गल्ली, तुमचा मान, पयलं कुंकू तुम्ही लावा, पण जागा हीच. सासूला मात्र मागं बसवायला पाहिजे. म्हातारी पयल्या रांगेसाठी हटून बसलीय, आणि तिला उभं राहवत नाय. तिच्या जागी पुढं कोणाला उभी करू?

विनिफ्रेड : मी राहते.

शकू : तू? अगो, हळदीकुंकवाला?

विनिफ्रेड : का? कुंकू लावायचं नाही मला, उभं राहायचंय. उद्या मला ऑफ आहे. आणि काही झालंच तर पहिला हात लावायला नर्स नको का तिथं?

रूपर्ट : विनी, तू नाय. मना लॉरी चालवायची हाय. समोर तू असलीस तर...

विनिफ्रेड : शकू असली तर चालते तुला? तिलाही पोरं आहेत, रूपर्ट. तू थांबशील म्हणालास ना? थांबतोस की नाही?

रूपर्ट : थांबतो.

विनिफ्रेड : मग झालं.

शकू : मी निघते बाई. तुम्ही दोघं भांडा. विनी, सकाळी हाक मारते.

रूपर्ट : विनी.

विनिफ्रेड : आता काय?

रूपर्ट : तुझा ड्युटीचा पांढरा फ्रॉक घाल. लांबनं दिसतो.